डॉ. रखमाबाई : मुंबईचा खटला आणि सुरतेचा दवाखाना

श्रीगणरायाला वंदन करून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही डॉ. रखमाबाईंचे चरित्र लिहायला घेतले आहे. त्यांचे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेले आहे. लहानपणी लग्न झाले, नांदायला गेल्या नाहीत, नवऱ्याने कोर्टात खेचले आणि पुढे त्या विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण त्यांच्या नोकरीची सुमारे ३५ वर्षे मुंबईत नव्हे, तर आपल्या गुजरातेत, सुरत आणि राजकोट येथे गेली, हे बडोद्याच्या मराठी घरांतही फारसे कोणी सांगत नाही. सुरत आपल्यापासून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. म्हणून त्यांच्यावर आपलाही थोडा हक्क आहे, असे आम्हांला वाटते.

आम्ही वकील नाही. पदविका घेऊन सरकारी खात्यात लागलो आणि तिथेच केस पिकू लागले. पण कचेरीत वारसाचे, नाव लावण्याचे, निवृत्तिवेतनाचे अर्ज हाताळताना एक गोष्ट वारंवार दिसते. कुटुंबाचा कायदा वरून सर्वांना सारखा दिसला, तरी त्याचे वजन घरातल्या बाईवर आणि पुरुषावर सारखे पडत नाही. रखमाबाईंच्या चरित्रात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या आयुष्यात दिसेल.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग, आई जयंतीबाई, जात सुतार. जयंतीबाईंचे लग्न कोवळ्या वयात झाले, पंधराव्या वर्षी मुलगी झाली आणि सतराव्या वर्षी वैधव्य आले. त्यांच्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मनाई नव्हती. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन राऊत यांच्याशी लग्न केले. सखाराम अर्जुन हे मुंबईतले नामांकित डॉक्टर, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतही त्यांचे नाव आहे. पुनर्विवाहापूर्वी जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता मुलीच्या नावे करून दिली. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण खटल्यात ती पुन्हा येते.

घर सुधारकाचे असले तरी काळ जुनाच होता. रखमा अकरा वर्षांची असताना सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातल्या दादाजी भिकाजी या तरुणाशी तिचे लग्न लावण्यात आले. दादाजी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे. घरची गरिबी होती. त्यांनी घरजावई म्हणून सखाराम अर्जुन यांच्याकडे राहावे, शिकावे आणि मार्गाला लागावे असे ठरले होते. मुलगी वयात आल्यावर गर्भाधानाचा विधी उरकण्याची त्या काळी घाई असे. सखाराम अर्जुन यांनी डॉक्टर म्हणून ती घाई साफ नाकारली. दादाजींचे मात्र अभ्यासात मन रमले नाही. ते हे घर सोडून मामाकडे राहायला गेले, प्रकृतीही ढासळली आणि कर्ज झाले. रखमा माहेरीच राहिली. शाळा सुटली होती, पण मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती घरीच इंग्रजी शिकली. आईबरोबर प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जाऊ लागली. लग्नाला आठ-नऊ वर्षे होऊनही पतिपत्नी एका घरात संसार करीत नव्हती.

मार्च १८८४ मध्ये दादाजींच्या वकिलांची नोटीस आली की बायकोला नांदायला पाठवा. रखमाबाईंनी नकार दिला. त्यांचे म्हणणे साधे होते. हे लग्न आपल्या समजुतीच्या वयाआधी झाले, आपण त्याला कधीच संमती दिली नाही आणि या माणसाबरोबर राहण्याची आपली इच्छा नाही. त्यावर दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला. मालमत्तेच्या लोभाने मुलीला माहेरी अडकवून ठेवले आहे, असा आरोप त्यांच्या बाजूने झाला, तर नांदण्याच्या आग्रहामागे तीच मालमत्ता आहे, असे दुसरी बाजू म्हणत होती.

आता हा दावा मुळात कुठला, हे पाहिले पाहिजे. नांदायला येत नाही म्हणून बायकोला कोर्टाच्या हुकमाने नवऱ्याच्या घरी पाठवणे ही गोष्ट आपल्या धर्मशास्त्राने सांगितलेली नाही. आपल्याकडे असे तंटे घरातली वडीलधारी माणसे किंवा जातीची पंचायत मिटवत असे. अनेक जातींत काडीमोडही होत असे. दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा इंग्लंडच्या धार्मिक न्यायालयांतून आला आणि इंग्रजी कोर्टांबरोबर हिंदुस्थानात रुजला. १८८२ च्या दिवाणी कार्यपद्धतीच्या कायद्यात असा हुकूम न मानणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची आणि मालमत्तेच्या जप्तीची तरतूद होती. गंमत अशी, की ज्या साली दादाजींनी नोटीस पाठवली त्याच १८८४ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने आपल्या देशात ही कैद रद्द केली. विलायतेतल्या बाईला यापुढे तुरुंग नव्हता, मुंबईतल्या बाईला होता.

दुसरी बाजूही तशीच. इंग्लंडमध्ये १८५७ पासून काही कारणांवरून का होईना, बायकोला घटस्फोट मागता येत होता. हिंदू कायद्यात, कोर्ट तो जसा लावीत असे त्याप्रमाणे, लग्न जन्माचे होते. पण ते बाईपुरतेच. पुरुषाला पहिली बायको असताना दुसरी करता येत असे. म्हणजे इंग्रजी कायद्यातला तुरुंग तेवढा घेतला आणि सुटकेची वाट घेतली नाही. हिंदू कायद्यातले न तुटणारे बंधन घेतले आणि घरच्या चार माणसांनी तोडगा काढण्याची मोकळीक घेतली नाही. दोन्ही कायद्यांतली जड बाजू उचलून एका मुलीच्या माथी ठेवली गेली. आमच्या समजुतीप्रमाणे या खटल्याचे मर्म इथेच आहे. जुना धर्म विरुद्ध नवी विलायती विद्या असा तो सरळ सामना नव्हता.

खटला उभा राहण्यापूर्वीच, एप्रिल १८८५ मध्ये सखाराम अर्जुन वारले. रखमाबाईंचा मोठा आधार गेला, तरी आई आणि आजोबा पाठीशी होते. त्याच वर्षी जून आणि सप्टेंबर महिन्यांत टाइम्स ऑफ इंडियात एका हिंदू स्त्रीची म्हणून दोन पत्रे छापून आली. पहिले बालविवाहावर आणि दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. लग्नानंतर मुलीचे शिक्षण कसे थांबते आणि मुलाचे कसे चालू राहते, हे त्यांत पोटतिडकीने लिहिले होते. ती पत्रे रखमाबाईंची होती, हे लोकांना नंतर कळले. या प्रश्नांवर आदल्या वर्षीच बेहरामजी मलबारी यांनी टिपणे प्रसिद्ध करून देशभर चर्चा उठवली होती. मलबारींचा जन्म आपल्या बडोद्याचा आणि बालपण सुरतेचे.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. पुनःस्थापना म्हणजे मोडलेला संसार पुन्हा जोडणे. इथे संसार सुरूच झालेला नाही. इच्छा नसलेल्या तरुण स्त्रीला तो सुरू करण्याची सक्ती करावी, असा आधार आपल्याला सापडत नाही, असा त्यांच्या निकालाचा रोख होता. निकालाने गदारोळ उठला. दादाजींनी अपील केले. मार्च १८८६ मध्ये सरन्यायाधीश सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हींचा निकाल फिरवला. हिंदू लग्न विधी झाला की पूर्ण होते, त्यामुळे असा दावा चालू शकतो, असे ठरवून त्यांनी प्रकरण पुन्हा सुनावणीला पाठवले. रखमाबाईंच्या बाजूने लढणाऱ्या वकिलांत काशीनाथ त्र्यंबक तेलंग होते.

४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी जावे, न गेल्यास सहा महिने कैद भोगावी. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी उत्तर दिले की कैद पत्करीन, पण हे लग्न पत्करणार नाही. मुंबईत त्यांच्या बचावासाठी समिती उभी राहिली. विलायतेच्या वर्तमानपत्रांतही खटला गाजू लागला आणि या तरुणीला खरोखर तुरुंगात टाकले तर काय होईल, या विचाराने सरकारही अडचणीत आले.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हा उत्सव सार्वजनिक झाला आणि ज्यांच्यामुळे आपण आज या मंडपात एकत्र येतो, ते या खटल्यात रखमाबाईंच्या विरुद्ध होते. परक्या सरकारने आणि त्याच्या कोर्टाने आपल्या घरात, धर्मात हात घालू नये, ही त्यांची भूमिका होती. आगरकर दुसऱ्या बाजूला होते. सामाजिक सुधारणेवरून दोघा मित्रांत जी दरी पडत गेली तिच्यात या खटल्याचाही वाटा आहे. आगरकर केसरीतून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी सुधारक काढले. टिळकांची शंका पोकळ नव्हती. परके कोर्ट आपल्या घरात नकोच, हे खरे. पण नांदवण्याचा दावा हीच त्या परक्या कोर्टाची देणगी होती आणि रखमाबाईंच्या घरात कोर्ट दादाजींच्या दाव्यानेच शिरले होते, हे त्या गदारोळात मागे पडले. टिळकांबद्दल आदर ठेवूनही हे म्हणता येते, असे आम्ही मानतो.

शेवट कसा झाला, याबद्दल एक समज सर्वत्र आहे. राणी व्हिक्टोरियाने मधे पडून लग्न रद्द केले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात १८८८ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेतले आणि हुकूम बजावणार नाही असे कबूल केले. पुढल्याच वर्षी त्यांनी दुसरे लग्न केले. कायद्याने त्यांना कसलीच आडकाठी नव्हती. रखमाबाईंची मात्र तुरुंगातून सुटका झाली, लग्नातून नाही. कोणत्याही कोर्टाने त्यांचे लग्न मोडले नाही. एकाच लग्नातल्या दोघांपैकी एकाला नवा संसार मांडता आला आणि दुसरीला आयुष्यभर विवाहित म्हणून एकटे राहावे लागले. असमान कायद्याचा याहून स्वच्छ दाखला आम्हांला ठाऊक नाही.

त्या रडत बसल्या नाहीत. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना वैद्यकीकडे वळण्याचे प्रोत्साहन दिले. लोकांनी निधी जमवला. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या आणि लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत शिकल्या. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. एम.डी. त्यांनी ब्रसेल्सहून केले. परत आल्यावर थोडे दिवस मुंबईत काढून त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्याच्या प्रमुख झाल्या.

सुरतेत त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ काढला. त्या दिवसांत बाळंतीण दवाखान्यात आणणे घरच्यांना कमीपणाचे वाटे. अडलेली बाई घरातच तडफडे, पण पुरुष डॉक्टरला हात लावू देत नसत. अशा वेळी साडी नेसणारी, आपल्यासारखे बोलणारी डॉक्टरीण असणे ही केवढी सोय होती, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या हकिकती ऐकलेल्यांना सांगायला नको. प्लेगच्या साथीत केलेल्या सेवेबद्दल सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. पुढे सरकारी महिला वैद्यकीय सेवेत येण्याचे निमंत्रण आले, तेव्हा ते न स्वीकारता त्यांनी राजकोटच्या जनाना हॉस्पिटलात जाणे पसंत केले आणि निवृत्तीपर्यंत तिथेच काम केले. निवृत्त झाल्यावर पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली.

सुरतेच्या काळातलाच एक प्रसंग चटका लावतो. १९०४ मध्ये दादाजी वारले. ज्यांच्या घरी त्या एक दिवसही नांदल्या नव्हत्या आणि ज्यांचा दुसरा संसार उभा राहिला होता, त्यांच्या निधनानंतर रखमाबाईंनी विधवेप्रमाणे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. त्यांनी असे का केले, याचे अनेकांनी अनेक अर्थ लावले आहेत. आम्ही अर्थ लावत नाही. एवढेच दिसते, की कायद्याने आणि समाजाने ज्या लग्नाला त्यांच्या बाबतीत कधीच संपू दिले नाही, ते त्या दिवशी संपले.

त्यांच्या हयातीतच कायदा हळूहळू बदलत गेला. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारा झाले. नांदवण्याच्या हुकमासाठी तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ मध्ये निघाली. १९२९ मध्ये शारदा कायदा आला. १९३१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांताला त्यासाठी १९४७ पर्यंत थांबावे लागले. बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल पुढे रेटले. ते रखडले आणि १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. अखेर १८ मे १९५५ पासून हिंदू विवाह कायदा अमलात आला. एका वेळी एकच विवाह हा नियम पुरुषालाही लागू झाला आणि स्त्रीला घटस्फोट मागता येऊ लागला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, रखमाबाई मुंबईत वारल्या. त्यांचे वय ९० वर्षांचे होते. ज्या कायद्याची त्यांना बाविसाव्या वर्षी गरज होती, तो नव्वदाव्या वर्षी मिळाला.

आता आजचे थोडे. त्याच हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये नांदवण्याचा दावा अजून आहे. तो नवऱ्यालाही लावता येतो आणि बायकोलाही. तुरुंग नाही, पण हुकूम मोडल्यास मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये कायद्यातूनच काढून टाकला. आपल्याकडे १९८३ मध्ये हैदराबादच्या हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवले होते, पण १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते वैध मानले.

दुसरे कलम याहून कमी लोकांना ठाऊक असते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुले व नवरा नसलेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर तिने स्वतः कमावलेली मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिचे आईवडील त्यानंतर येतात. पुरुषाच्या बाबतीत त्याच्या मालमत्तेवर बायकोच्या माहेरचा असा हक्क कुठेच नाही. रखमाबाई या कायद्याआधी वारल्या. पण त्यांच्यासारखी एखादी डॉक्टर आज असती, मृत्युपत्राशिवाय गेली असती, तर ३५ वर्षांच्या नोकरीची तिची कमाई ज्याच्या घरी ती कधी गेली नाही त्याच्या वारसांकडे गेली असती. आपल्या मंडळातल्या कितीतरी लेकी-सुना आज नोकरी करतात, स्वतःच्या पैशाने घर घेतात. त्यांनी मृत्युपत्र करून ठेवावे. त्याला मोठा खर्च येत नाही. स्वतःच्या सहीपुढे दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी.

कायदे बदलणे आपल्या हातात नसते, ते बदलायला वेळ लागतो. रखमाबाईंना १८८४ ते १८८८ या चार वर्षांत कायद्याने काही दिले नाही. मग त्या तरल्या कशाने? आधी सावत्र बाप आणि पुढे आई व आजोबा यांनी घराचे दार उघडे ठेवले म्हणून. आईने वेळीच मालमत्ता मुलीच्या नावे केली होती म्हणून. आणि लग्नानंतरही हातातले पुस्तक कोणी काढून घेतले नाही म्हणून. या तिन्ही गोष्टींना कोर्टाची परवानगी लागत नाही. माहेरी परत आलेल्या लेकीला चार लोक काय म्हणतील या भीतीने पुन्हा गाडीत बसवून देणारी घरे आपल्यातही आहेत. निदान तिचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, तिचे दागिने, कागदपत्रे आणि बँकेचे खाते तिच्याच नावे राहू द्यावे, एवढे तर प्रत्येक घराला करता येईल.

सुरत-राजकोटच्या असंख्य आयाबहिणींना बाळंतपणातून सुखरूप बाहेर काढणाऱ्या डॉ. रखमाबाईंना आमचे विनम्र अभिवादन. श्रीगजानन आपल्या सर्व लेकी-सुनांना सुखात ठेवो, हीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!